भिंतीवरचं अकरावं गुणसूत्र : एका प्रकल्पाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

यंदाच्या तालुका विज्ञान प्रदर्शनाचा विषय आज ठरला. माणूस, चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान यांच्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएमध्ये, विविधता कुठे जास्त आहे, कुठे कमी आहे आणि का. गेल्या वर्षी मुलांनी डीएनएचं फिरतं मॉडेल केलं होतं. दिसायला सुरेख झालं, पण बघणाऱ्याने त्याला विचारावं असं काही त्यात नव्हतं. म्हणून यंदा आधी प्रश्न घेतला.

कुठल्याही दोन माणसांचा डीएनए शेजारी ठेवला तर सरासरी हजार अक्षरांमागे (डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो) एक फरक निघतो. हे बारावीला सगळ्यांना सांगतो. पुढचं मात्र पुस्तकात नाही: हा फरक सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. काही पट्टे फरकांनी गजबजलेले, काही जवळजवळ ओस. आणि चिंपांझी-गोरिलांमध्येही मोठमोठे ओस पट्टे बरेचसे त्याच जागी असतात. माझ्या दृष्टीने सगळा प्रकल्प या एका गोष्टीत आहे.

अकरावी-बारावीची आठ-नऊ मुलं तयार आहेत. गणिताचे सर हिशेबाला आहेत, प्रयोगशाळेचे काका सुतारकामाला. सगळा जीनोम भिंतीवर मावणार नाही, म्हणून एकच गुणसूत्र घ्यायचं. मी अकरावं सुचवलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक त्यावर आहे. सिंदेवाही तालुक्यात काय, अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत काय, सिकल माहीत नाही असं गाव सापडायचं नाही.

१४ ऑगस्ट

प्रमाण ठरलं: एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार अक्षरं. अकरावं गुणसूत्र साडेतेरा कोटी अक्षरांचं, म्हणजे पट्टी साडेतेरा मीटर. प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात बरोबर बसते. छापखान्यातून उरलेल्या कागदाचा रोल मिळाला.

मुलांनी आज पहिल्या खुणा केल्या. टोकापासून २२ सेंटिमीटरवर इन्सुलिनचं जनुक. ५२ सेंटिमीटरवर बीटा-ग्लोबिन, म्हणजे आपलं सिकलचं. ३ मीटर १८ सेंटिमीटरवर पॅक्स-सिक्स, ज्याच्या एका प्रतीत जरी मोठा बिघाड झाला तरी डोळ्याची बुबुळं नीट घडत नाहीत. सव्वापाच-साडेपाच मीटरच्या मधे सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राची चिमटलेली जागा.

बीटा-ग्लोबिनची खूण करताना बारावीतली एक मुलगी थांबली. "मॅडम, पेनची रेघच जनुकापेक्षा जाड होऊन राहिली." तिने बरोबर पकडलं. हे जनुक सुमारे सोळाशे अक्षरांचं, म्हणजे आमच्या पट्टीवर मिलिमीटरचा सहावा हिस्सा. बारीक जेल पेनची रेघही त्याहून जाड. आणि सिकलचा बदल त्यातल्या एका अक्षराचा: जीएजीचं जीटीजी. ते अक्षर या पट्टीवर दाखवताच येणार नाही. तिला म्हटलं, हे वाक्य पट्टीखाली लिही, जसं बोललीस तसंच.

याच मापाने दोन माणसांतले फरक मोजले तर सरासरी मिलिमीटरला दहा. माणूस आणि चिंपांझीतले, फक्त एकेका अक्षराचे बदल धरून, मिलिमीटरला सुमारे सव्वाशे. हे २००५ साली चिंपांझीचा जीनोम वाचला तेव्हा समजलं: १.२३ टक्के.

२९ ऑगस्ट

बाजारातून मणी आणले. प्रत्येक पोत म्हणजे एक गुणसूत्र, बारा मण्यांची. सुती धाग्याची टोकं विसविशीत होतात आणि मणी ओवताना मुलं कंटाळतात, म्हणून नायलॉनचा धागा घेतला.

पहिला खेळ अगदी साधा. आठ पोती, आठही वेगळ्या रंगांच्या. लोट्यातून चिठ्ठी काढायची, जिचा नंबर निघेल तिची नक्कल पुढच्या पिढीत. चिठ्ठी परत लोट्यात टाकायची. आठ नकला झाल्या की एक पिढी. निवड नाही, चांगलं-वाईट नाही, फक्त नशीब. तरी रंग एकेक करून गळत जातात आणि शेवटी सगळ्या पोती एकाच पोतीच्या वंशातल्या होतात. मग सगळ्या गटांच्या पोती एका घमेल्यात टाकून खेळलो. रंग गळायला किती तरी जास्त वेळ लागला.

इथून लोकसंख्येवर आलो. आज जगात आठ अब्ज माणसं, पण आपल्यात जेवढी विविधता आहे तेवढी टिकवायला दहा-वीस हजार प्रजननक्षम माणसांची जमात पुरेशी आहे. आपण दीर्घ काळ थोडे होतो आणि परवा-परवा वाढलो. जंगलातले चिंपांझी आज फार तर तीन लाख असतील, पण मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींमध्ये आपल्यापेक्षा सुमारे दुप्पट विविधता आहे. सुमात्राचे ओरांगउटान सुमारे १४ हजार उरलेत, बोर्निओचे लाखाच्या आसपास. तरी विविधता सुमात्रावाल्यांत जास्त. डोकी मोजून विविधता कळत नाही. ती जुन्या काळातल्या डोक्यांचा हिशेब सांगते.

२०१३ साली ७९ महाकपींचे (चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान) जीनोम एकत्र वाचले गेले, त्यातून हे चित्र स्पष्ट झालं. मुलांनी पाच प्राण्यांसाठी पाच रंग निवडले.

४ सप्टेंबर

तान्हा पोळा काल झाला. आज निम्मीच मुलं. जी आली त्यांच्याशी नवे फरक येतात कुठून यावर बोललो.

प्रत्येक बाळात साठ-सत्तर अक्षरं अशी असतात जी आईत नव्हती आणि बापातही नव्हती. त्यातली बहुतेक बापाकडून येतात, आणि बापाचं वय वर्षाने वाढलं की साधारण दीड-दोनने वाढतात. सगळी अक्षरं सारखी बदलत नाहीत. सी नंतर जी आलं की तो सी इतरांपेक्षा सुमारे दहापट लवकर बदलतो. म्हणजे विविधतेचे काही चढउतार इथूनच, नवा माल कुठे जास्त येतो यावरून ठरतात. पण मोठे चढउतार यावरून समजत नाहीत. नवा माल येतो त्यातलं टिकतं किती, हे बघावं लागतं.

२१ सप्टेंबर

आजचा दिवस फार चांगला गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रत्येक पोतीत सहाव्या जागी काळा मणी घातला. हे महत्त्वाचं जनुक. आता दर पिढीला एक चिठ्ठी बिघाडाची: जिचा नंबर निघेल तिचा काळा मणी काढून पांढरा घालायचा. पांढऱ्या मण्याच्या पोतीला पुढे वंश नाही. बाकी सगळं आधीसारखंच.

दोन गट काळ्या मण्याचे, दोन बिनबिघाडाचे. पोती इतक्या थोड्या की एकदा खेळून काही ठरवता येत नाही, त्यामुळे मुलं सगळी दुपार खेळत राहिली आणि सरांनी फळ्यावर बेरजा मांडल्या. बिघाडवाल्या गटांत रंग लवकर गळत होते. का, ते एका मुलाने सांगितलं. बारावीत मागच्या बाकावर बसणारा, एरवी फारसा बोलत नाही. म्हणाला, "ज्या पोतीत बिघाड झाला तिचे बाकीचे अकरा मणी तं चांगलेच होते न जी. तेही गेले." मी त्याला ते पुन्हा मोठ्याने म्हणायला लावलं.

हीच पार्श्वभूमीची निवड. हानिकारक बदल सतत येत राहतात आणि नैसर्गिक निवड त्यांना सतत काढत राहते. काढताना एकटं अक्षर काढता येत नाही. ज्या तुकड्यावर ते बसलंय तो तुकडा जातो, आणि त्यावरचे निरुपद्रवी फरकही जातात. परिणाम असा की महत्त्वाच्या जनुकांच्या आसपास, जिथे स्वतः काहीच महत्त्वाचं लिहिलेलं नाही अशा जागीसुद्धा विविधता कमी पडते. ही कल्पना ब्रायन आणि डेबोरा चार्ल्सवर्थ आणि मार्टिन मॉर्गन यांनी १९९३ साली मांडली.

मुलांना यात अन्याय वाटला. निरुपद्रवी फरकाचा काय दोष? दोष काही नाही, शेजार आहे. पट्टीवर एखाद्या ठिकाणी विविधता किती राहील, हे तिथे काय लिहिलंय यापेक्षा आजूबाजूला काय लिहिलंय यावर जास्त ठरतं. मला या प्रकल्पातून मुलांपर्यंत पोचवायचं आहे ते हेच.

प्रथिनं लिहिणारा भाग आपल्या जीनोमचा जेमतेम दीड टक्का. पण जनुकं केव्हा, कुठे, किती चालू करायची ते ठरवणारे तुकडे धरले तर जपला जाणारा भाग पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जातो. पॅक्स-सिक्सच्या आजूबाजूला असे नियंत्रक तुकडे लांबवर पसरलेले आहेत. त्या जनुकाचं प्रथिन माणसात आणि उंदरात अक्षरशः एकच आहे. इतकं जपलेलं. तिथे पट्टी फिकी रंगवली.

याउलट बीटा-ग्लोबिनच्या अवतीभोवती वास ओळखणाऱ्या जनुकांची मोठी वस्ती आहे. अकराव्या गुणसूत्रावर ती इतर कुठल्याही गुणसूत्रापेक्षा जास्त आहेत. त्यातली कित्येक माणसात बंद पडली आहेत. बंद जनुकात बिघाड झाला तर कोणाचं काही जात नाही, म्हणून सफाईही नाही. तिथे गडद रंग.

९ ऑक्टोबर

आता कात्री. दोन पोती शेजारी धरायच्या, फाशाने जागा ठरवायची, तिथे कापून टोकं अदलाबदल करून गाठ मारायची. हे क्रॉसिंग ओव्हर, शुक्राणू आणि अंडं बनताना गुणसूत्रांच्या जोडीत होणारी अदलाबदल. लगेच दिसलं की काळ्या मण्याला चिकटून असलेले मणी त्याच्यासोबत बुडतात, पण लांबचे मणी बिघाड व्हायच्या आत किंवा पोत बाद व्हायच्या आत दुसऱ्या पोतीवर जाऊन वाचतात. खरे बिघाडही बहुतेक सौम्य असतात, काही पिढ्या टिकतात, तेवढ्यात शेजाऱ्यांना सुटायला वाव मिळतो.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र बघायच्या: आसपास महत्त्वाचं किती आहे, आणि तिथे अदलाबदल किती होते. जिथे अदलाबदल कमी, तिथे एका बिघाडापायी लांबचा तुकडा जातो. फळमाशीत अदलाबदल जिथे कमी तिथे विविधता कमी, हे बेगन आणि अक्वाड्रो यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं.

सरांनी आइसलंडच्या कुटुंबांवरून केलेला अदलाबदलीचा नकाशा उतरवून घेतला आणि आमच्या पट्टीवर निळ्या रेघेने काढला. टोकांकडे उंच, सेंट्रोमिअरजवळ बसलेली. स्त्रियांमध्ये अदलाबदल पुरुषांच्या दीडपटीहून जास्त होते, हे मुलींनी वेगळ्या शाईने लिहिलं.

जवळून पाहिलं तर ही रेघ सलग नाही. अदलाबदल एक-दोन हजार अक्षरांच्या ठरावीक जागी गोळा झालेली असते, त्यांना हॉटस्पॉट म्हणतात. जागा कोणत्या, हे बरंचसं पीआरडीएम-नाइन नावाचं प्रथिन ठरवतं, हे २०१० साली कळलं. हे प्रथिन फार लवकर बदलतं. त्यामुळे माणूस आणि चिंपांझी इतके सारखे असूनही त्यांचे हॉटस्पॉट जवळजवळ कुठेच जुळत नाहीत. पण दहा-दहा लाख अक्षरांचे तुकडे घेऊन बेरीज केली तर दोघांचे नकाशे बरेच सारखे. बारीक पाहिलं तर वेगळे, दुरून पाहिलं तर सारखे. म्हणूनच मोठे ओस पट्टे दोघांत त्याच जागी राहतात: जनुकं तीच, आणि मोठ्या मापावर अदलाबदलही तीच.

बीटा-ग्लोबिनच्या अगदी जवळ माणसात एक जुना, चांगला अभ्यासलेला हॉटस्पॉट आहे. लाल तोंडाच्या माकडात, म्हणजे ऱ्हीसस मकाकमध्ये, तो त्या जागी सापडला नाही. काळ्या तोंडाची वानरं इथे रोज कौलांवर उड्या मारतात. लाल तोंडाचं माकड मुलांनी बहुतेक मदाऱ्याकडे पाहिलेलं. त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या चांगलीच लक्षात राहिली. माकड आणि कपी यांतला फरकही इथेच सांगून टाकला. भारतात कपी एकच, आसामकडचा हुलॉक गिबन. त्याला शेपूट नसते.

(दुरुस्तीच्या वेळी पेशी जी आणि सी ही अक्षरं थोडी जास्त पसंत करते. याने हॉटस्पॉटजवळ अक्षरांचा तोल हलतो आणि तो निवडीसारखा दिसू शकतो. मुलांना सांगितलं, पट्टीवर घेतलं नाही.)

२२ ऑक्टोबर

हलक्या धानाची कापणी सुरू झाली, हजेरी पातळ. जी मुलं आली त्यांच्याशी धानावरच बोललो.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये त्यांना आपल्या बांधीत पटेल-थ्री धानात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या. तोच एचएमटी धान. नाव घड्याळावरून पडलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. इथल्या प्रत्येक घरात तो तांदूळ शिजलेला आहे.

आता जीनोमच्या बाजूने बघा. दादाजींनी दाणा पाहिला, चव पाहिली, उत्पन्न पाहिलं. पण निवडल्या गेल्या अख्ख्या लोंब्या, त्यांच्या सगळ्या गुणसूत्रांसकट. ज्या अक्षरांचा दाण्याशी काही संबंध नव्हता, तीही सोबत शेतोशेत पसरली. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी १९७४ मध्ये हाच हिशेब मांडला होता: फायद्याचा बदल झपाट्याने पसरला की शेजारची अक्षरं त्याच्या जोरावर पुढे जातात आणि त्या जागची विविधता पुसली जाते.

फरक एवढाच, धान स्वतःच्याच परागाने फळतं. त्याच्या दोन्ही प्रती जवळपास सारख्या, त्यामुळे क्रॉसिंग ओव्हर होऊनही नवं काही घडत नाही आणि अख्खं गुणसूत्र ओढलं जातं. माणसात आणि कपींत दर पिढीला दोन वेगळ्या प्रती सरमिसळ होतात, म्हणून ओढला जाणारा तुकडा तुटत-तुटत लहान होतो.

एका मुलाचे आजोबा शाळेच्या फाटकापाशी ऐकत होते. म्हणाले, "त्या बांधीतल्या बाकीच्या लोंब्यायचं काय झालं जी मंग?" त्या खाल्ल्या गेल्या, आजोबा. अभ्यासक नेमकं हेच विचारतात: बाकीच्यांचं काय झालं.

२५ नोव्हेंबर

दिवाळी, मग निवडणुकीची ड्यूटी. महिनाभर पट्टी गुंडाळून कपाटावर. एका टोकाला वाळवी लागत होती, काकांनी वेळेत पाहिलं. पुन्हा चिकटवताना खळ टाळली, फेविकॉल वापरला.

सरांशी आज चांगला वाद झाला. त्यांचं म्हणणं, माणूस आज आहे तो जिंकत आलेल्या बदलांमुळे, तर पट्टीवरचे ओस पट्टेही त्या विजयांच्याच खुणा असणार. हे तर्काला पटतं आणि बरीच वर्षं अनेक अभ्यासकांनाही पटत होतं. पण तपासता येतं. माणसाच्या वाटेवर ज्या जागी प्रथिन बदलवणारे बदल कायम झाले, त्या जागांच्या आसपास विविधता जास्त खालावलेली दिसायला हवी. प्रथिन न बदलवणाऱ्या बदलांच्या आसपास तेवढी नको. २०११ मध्ये, जगभरातल्या माणसांचे जीनोम वाचणाऱ्या हजार जीनोम प्रकल्पाच्या माहितीवर हे पाहिलं गेलं. दोन्हींच्या आसपासची घट सारखीच निघाली. म्हणजे एकाच नव्या बदलाने झपाट्याने सगळ्यांना व्यापून टाकणं हे माणसाच्या अलीकडच्या इतिहासात विरळ होतं. घट आहे, पण ती सफाईची आहे.

२००९ मध्ये मॅकव्हिकर आणि सहकाऱ्यांनी माणूस आणि कपींच्या जीनोमवरून काढलं होतं की या सफाईमुळे लिंगगुणसूत्रं सोडून बाकीच्या जीनोममधली विविधता एकूण १९ ते २६ टक्क्यांनी कमी झाली आहे. अलीकडच्या अभ्यासात दहा-दहा लाख अक्षरांच्या तुकड्यांमधले जे चढउतार आहेत, त्यांपैकी सुमारे साठ टक्के केवळ पार्श्वभूमीच्या निवडीने समजावता आले. सरांनी हे आकडे दोनदा वाचले आणि काळ्या मण्याच्या खेळाच्या बेरजा पुन्हा काढल्या. मला त्यांचं हे फार आवडतं.

७ डिसेंबर

५२ सेंटिमीटरच्या खुणेवर सबंध दिवस.

आधी नियम: कोणाला सिकल आहे, कोण वाहक आहे (म्हणजे बदलाची एकच प्रत कोणात आहे), हे शाळेत कोणी कोणाला विचारायचं नाही. एका मुलीने मात्र स्वतःहून सांगितलं की तिच्या भावाला आहे, थंडीत हातपाय फार दुखतात, आणि या खुणेचा फलक तिलाच लिहायचा आहे. तिलाच दिला.

सिकलचा बदल हानिकारक आहे, तर सफाईत गेला का नाही? कारण एकच प्रत असली तर मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये हे आफ्रिकेत दाखवलं. दोन प्रती झाल्या तर आजार. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. जंगल, धानाच्या बांध्या, साचलेलं पाणी, मलेरिया: आपल्या भागात हा बदल का टिकला ते यावरून कळतं. निवड एकाच अक्षराला एका हाताने सांभाळते आणि दुसऱ्या हाताने छाटते, म्हणून ते ना जातं ना सगळीकडे पसरतं.

शेजार इथेही आहे. भारतातल्या सिकलच्या बहुतेक प्रतींच्या अवतीभोवतीची अक्षरं एकाच ठरावीक क्रमाने येतात. त्या संचाला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. पूर्व सौदी अरेबियातल्या सिकलमध्येही तोच. त्यातलं एक अक्षर गॅमा-ग्लोबिन जनुकाच्या लगत आहे, आमच्या पट्टीवर सिकलच्या खुणेपासून सुमारे तीन मिलिमीटरवर. त्याच्यामुळे गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त प्रमाणात टिकतं आणि आजार थोडा सौम्य होऊ शकतो. मधे हॉटस्पॉट असूनही ही जोडी बहुतांशी फुटलेली नाही. आपल्याकडे सगळ्यांचा आजार सौम्य असतो असं मात्र मुळीच नाही. त्या मुलीने फलकावर ही ओळ जाड अक्षरात लिहिली.

तीन मिलिमीटरचं अंतर तिने पट्टीवर स्वतः मोजलं, पट्टीचा तो भाग मग टाचण्या लावून स्थिर केला.

याच ओघात रक्तगट. ए आणि बी हे गट माणसात आहेत, गिबनमध्येही आहेत, आणि तो फरक किमान दोन कोटी वर्षं टिकून आहे असं २०१२ च्या अभ्यासात दिसलं. प्रजाती वेगळ्या झाल्या, फरक तोच राहिला. रोगप्रतिकारातल्या एचएलए जनुकांचंही तसंच. अशा जागी निवड विविधता राखते. त्या थोड्या आहेत, पण पट्टीवर भर गर्दीत उठून दिसतात.

१९ डिसेंबर

एक्स गुणसूत्राचा छोटा फलक केला. पुरुषात एकच प्रत, म्हणून विविधता बाकीच्या गुणसूत्रांच्या तीन चतुर्थांश अपेक्षित. प्रत्यक्षात जनुकांजवळ त्याहूनही कमी, आणि महाकपींच्या एक्सवर लाखो अक्षरांचे काही पट्टे असे की तिथे विविधता अगदीच कोसळलेली, तेही अनेक प्रजातींत त्याच जागी. इथे केवळ सफाई पुरत नाही. एकामागून एक झपाट्याचे प्रसार झाले असावेत, कदाचित शुक्राणू बनताना एक्स आणि वाय यांच्यातल्या चढाओढीतून, असा अंदाज आहे. फलकावर "अंदाज" असंच लिहिलं.

१० जानेवारी २०२५

काल जीनोम इंडियाची माहिती अभ्यासकांसाठी खुली झाली. सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम, ८३ समाजगटांतले. आजवर आम्ही वर्गात जी उदाहरणं घेत होतो ती हजार जीनोम प्रकल्पातली, २६ गटांतली २५०४ माणसं, आणि त्यात भारतीय वंशाचे म्हणून ह्युस्टनचे गुजराती, इंग्लंडमधले तेलुगू. आपल्या देशात, आपल्या माणसांकडून गोळा झालेली माहिती असणं याचं महत्त्व आमच्या भागाइतकं क्वचित कुठे असेल. मुलांना बातमी वाचून दाखवली.

२४ जानेवारी

प्रदर्शन झालं. पट्टी शाळेच्या बसमधून गुंडाळून नेली, तिथल्या सभागृहाच्या दोन भिंतींवर लावली. मण्यांच्या पोतींपाशी सर्वांत जास्त गर्दी. लहान पोट्टे कात्री सोडेनात.

दोन प्रश्न लिहून ठेवते. एका आईने विचारलं, "मॅडमजी, मंग हा सिकल माकडापासून आला का जी?" सिकलचा फलक लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीनेच उत्तर दिलं. बीटा-ग्लोबिनचं प्रथिन चिंपांझीत आणि आपल्यात तंतोतंत एकच आहे. सिकलचा बदल माणसांत झाला आणि मलेरियाच्या मुलखात वाढला. त्या बाईंनी मग तपासणीचं विचारलं, आणि त्या दोघी बराच वेळ बाजूला बोलत उभ्या होत्या.

दुसरा प्रश्न एका मोठ्या माणसाचा: कोणत्या जातीत हे जास्त असतं? मी सरळ सांगितलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे तो बदल वाढला, आणि आपण लग्नं आपापल्या गटातच करत आलो म्हणून तो काही गटांत साचला. त्यात कोणाच्या रक्ताचा कमीपणा नाही. आणि माणसामाणसांतली सुमारे ८५ टक्के विविधता एकाच गटाच्या आत असते, हे रिचर्ड लिवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखवलं. पट्टीवर कुठेही बोट ठेवा, तिथली विविधता ठरवणाऱ्या गोष्टींत जात हा रकाना नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही माहीत नाही, पण मुलांनी मला हे ठामपणे बोलताना पाहिलं, आणि ते मला हवं होतं.

जिल्ह्यासाठी निवड झाली नाही. परीक्षकांनी मण्यांचा खेळ इतर शाळांना लिहून पाठवायला सांगितला. बोर्डाची परीक्षा ११ फेब्रुवारीपासून, म्हणून ती संपेपर्यंत कामाला विराम.

१२ एप्रिल

परीक्षा संपल्या. या आठवड्यात सहा कपींचे जीनोम टोकापासून टोकापर्यंत पूर्ण वाचल्याचा शोधनिबंध आला: चिंपांझी, बोनोबो, गोरिला, सुमात्रा आणि बोर्निओचे ओरांगउटान आणि सियामांग गिबन. आमच्या पट्टीवर सेंट्रोमिअरचा भाग आम्ही कोरा सोडला होता, कारण तुलनेला धड काही मिळत नव्हतं. आता तिथे भरण्यासारखं आहे. अदलाबदल सर्वांत कमी तिथेच, त्यामुळे शेजाराचा परिणाम सर्वांत लांब तिथेच पोचायला हवा. पुढच्या बॅचने तिथून सुरुवात करावी.

दुसरं काम दुसऱ्या गुणसूत्राचं. महाकपींना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३; पूर्वजांची दोन गुणसूत्रं जुळून आपलं दुसरं झालं. जुन्या टोकांपाशी पूर्वी अदलाबदल भरपूर असणार, आता ती जागा गुणसूत्राच्या पोटात आहे. तिथे विविधतेचं काय झालं, हा मुलांनी प्रदर्शनातून परत येताना बसमध्ये काढलेला प्रश्न. याच मापाने ते गुणसूत्र चोवीस मीटरच्या पुढे जातं. व्हरांडा पुरत नाही. काकांनी कोपऱ्यावरून वळवून ग्रंथालयाच्या भिंतीपर्यंतची जागा मोजून ठेवली आहे, खिळे जूनमध्ये ठोकायचे. रोलचा उरलेला कागद, नायलॉनचा धागा आणि मण्यांचा डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. काळे मणी कमी पडतील, नवे आणावे लागतील.